डाव्या पायावरचा भार

रेणुका तांडेल रंगभूषेच्या खोलीत आली की चेहऱ्याला रंग लागण्याआधी तिच्या अंगाला पट्ट्या बांधल्या जात. पोटऱ्यांवर, मांड्यांवर, कमरेभोवती. कापडासारख्या मऊ, आत बारीक तारांचं जाळं. वरून भरजरी साडी. प्रेक्षकांना दिसायची ती फक्त साडी.

नृत्यस्पर्धेच्या परीक्षकांना बांधायच्या या पट्ट्यांना ‘अनुस्पंद’ म्हणत. स्पर्धकाच्या अंगावर त्वचेइतके पातळ संवेदक चिकटवलेले असत. कुठला स्नायू किती ताणला, भार कुठल्या पावलावर गेला, हे ते टिपत, आणि त्याच क्षणी पट्ट्यांमधून परीक्षकाच्या अंगावर त्याच जागी हलका दाब उमटे. संगणक हुबेहूब नाच रचू लागल्यापासून पडद्यावरच्या नाचावर लोकांचा विश्वास उरला नव्हता. समोरचा माणूस खरोखर नाचतोय, याची ग्वाही द्यायला दुसरा माणूस लागायचा. वेदना मात्र यंत्रणेतून वगळली होती. “परीक्षकांना नाच कळला म्हणजे झालं,” कार्यक्रमाचा निर्माता ऋत्विज म्हणायचा, “त्रास कशाला द्यायचा?”

रेणुका वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. चित्रपटांत नायिकेच्या मागे, शेवटच्या रांगेत नाचत तिने सुरुवात केली. मग सहायक झाली, पुढे स्वतः नृत्यदिग्दर्शक. तिने बसवलेली गाणी वरातींमध्ये तशीच्या तशी नाचली जायची. एका चित्रीकरणात नडगी ठणकत असताना ती नाचत राहिली. हाड मोडलं, पडताना गुडघा गेला. त्यानंतर उभं राहून शिकवणं जमेना, आणि बसून नाच शिकवणं तिला पटेना. तेव्हा टीव्हीच्या वाहिनीने परीक्षकाची खुर्ची देऊ केली. ती छान बोलायची, लोकांची लाडकी झाली. पण घरी गेल्यावर तिला वाटायचं, आपण आता नाचाबद्दल फक्त बोलतो.

स्पर्धेच्या एका पर्वात नवापूरहून तेजल गावित आली. विशीतली, बुटकी, अबोल. तिचं पहिलं नृत्य सुरू झालं आणि रेणुकाने खुर्चीचे हात घट्ट धरले. पट्ट्यांमधून येणारा दाब इतका नेमका होता की तिचा निकामी गुडघा जणू वाकत होता, उसळत होता, पुन्हा जमिनीवर अलगद येत होता. नाच संपला तेव्हा ती रडत होती. लोकांना वाटलं, कौतुकाने. ती आतून नाचून आली होती.

पुढच्या प्रत्येक भागात ती तेजलच्या पाळीची वाट पाहू लागली. बाकीचे स्पर्धक कधी एकदा उरकतात असं तिला व्हायचं.

उपांत्य फेरीत तिला काहीतरी वेगळं जाणवलं. प्रत्येक उडीनंतर तेजलचा डावा पाय जमिनीला टेकण्याआधीच पोटरी आवळली जात होती आणि भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर सरकत होता. शेजारच्या दोघा परीक्षकांना, एक गायक आणि एक नट, तो नुसता ठोका वाटला असेल. वेदना पोचत नव्हती, पण वेदना चुकवायची धडपड पोचत होती. ती धडपड रेणुकाच्या ओळखीची होती.

मध्यंतरात तिने तेजलला बाजूला घेतलं.

“डाव्या नडगीला काय झालंय?”

“काही नाही, मॅडम.”

“माझ्याशी खोटं बोलू नकोस. हाडाला चीर गेली असेल.”

तेजलने तिचा हात धरला. “डॉक्टरांना सांगू नका. ते मला लगेच काढतील. अंतिम फेरी तेवढी होऊ द्या. मग वर्षभर झोपून राहीन मी.”

रेणुकाला नियम ठाऊक होता. तिच्या एका शब्दावर तपासणी झाली असती. तो शब्द तिच्या ओठांवर आलाही होता. पण त्याबरोबर दुसरंही मनात आलं: ही गेली तर अंतिम फेरीत उरतील ते बाकीचे.

“बर्फ लाव,” ती म्हणाली. “आणि सरावात उड्या मारू नकोस.”

अंतिम फेरीत तेजल कधी नव्हे इतकं सुंदर नाचली. शेवटची उंच उडी तिने घेतली तेव्हा रेणुकाचे डोळे मिटलेले होते. त्या क्षणी तिच्या अंगाला वजन नव्हतं. मग डाव्या पोटरीवर एकदम जोराचा दाब आला आणि विझून गेला. तिने डोळे उघडले. तेजल मंचावर आडवी पडली होती आणि लोक अजून टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना तो नाचाचाच भाग वाटला.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. चालता येईल, असं डॉक्टर म्हणाले; नाचता येईल, असं म्हणाले नाहीत.

रेणुका इस्पितळात भेटायला गेली तेव्हा तेजल खिडकीशी बसली होती. पाय स्टुलावर, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.

“मी तेव्हाच सांगायला हवं होतं,” रेणुका म्हणाली. “तू विनवलंस म्हणून मी गप्प बसले, असं स्वतःला समजावत होते. ते खरं नाही. तुझ्या पायांनी मला अजून एकदा नाचायचं होतं.”

तेजलने स्टुलावरचा पाय जरा सरकवला. मग तिने विचारलं, “शेवटची उडी कशी होती?”

“अंगाला वजनच नव्हतं,” रेणुका म्हणाली.

“मला ती नीट आठवतच नाही,” तेजल म्हणाली. “पडले तेवढं आठवतं. उडी तुमच्याकडेच राहिली.”

बाहेर कोणीतरी औषधांची ढकलगाडी नेत होतं. तिचा खडखडाट संपल्यावर तेजल पुढे सांगू लागली.

“काल ऋत्विज सर आले होते. पुढच्या पर्वात परीक्षक व्हा म्हणाले. लोकांना माझी गोष्ट माहीत आहे, म्हणे.”

“तू काय म्हणालीस?”

“विचार करते म्हटलं.” तेजलने प्लास्टरच्या कडेवरून बोट फिरवलं. “मॅडम, त्या खुर्चीत बसल्यावर एखादी मुलगी अशीच नाचताना मला कळलं, की हिचा पाय दुखतोय, तर मी सांगेन ना?”