पाती उमलायच्या आधी

चोर मीच पकडला. मारेगावजवळच्या आमच्या वावरात, भुरभुर पावसात, एक चष्मेवाला कपाशीची फुलं तोडत उभा होता.

“कायले तोडून राह्यले हो? एकेक फूल म्हणजे एकेक बोंड आहे.”

त्या साली आमचं घर बोंडाबोंडावर श्वास घेत होतं.

“उद्या सरांना स्लाइड दाखवायची...” तो चाचरला. राजदीप, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा. “पेशीतली गुणसूत्रं अर्धी होताना दिसली पाहिजेत. मले नुसते तयार परागकण दिसून राह्यले. नापास होतो आता.”

“अर्धी कायले होतात?”

“या कपाशीच्या पेशीत बावन्न असतात. परागकणात सव्वीसच उतरतात, अन् मादीपेशीतही सव्वीस. दोन्ही मिळाले की बी पुन्हा बावन्नचं.”

“अन् अर्धी नाही झाली तं?”

“तं पुढच्या पिढीत एकशे चार. त्याच्या पुढं दोनशे आठ.”

“म्हणजे जुळायचं तं दोघांनीही अर्धं सोडून यायचं.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग चष्मा पुसला... काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिला.

मला हसू आलं. “अहो, फूल उमललं तेव्हा पराग तयारच झालेला असते. उशीर होते तुम्हाले. बारीक पात्या घ्या, न उमललेल्या कळ्या.” ज्वारीच्या दाण्याएवढ्या पाच कळ्या खुडून मी त्याच्या तळहातावर ठेवल्या. बोटाला बोट लागलं, दोघांचीही बोटं गार.

संध्याकाळी बाबांनी खुडलेले देठ पाहिले. “कीड लागली वाटते,” मी म्हटलं, आणि रात्री जेवण गेलं नाही. रविवारी दिग्रसचे पाहुणे मला पाहायला येणार होते.

शुक्रवारी तो सायकलीवर बांधाशी आला. “दिसलं... सव्वीस-सव्वीस. सर खुश झाले.”

“बरं झालं.”

“बरं... येतो मग.” त्यानं सायकल वळवली. फूल उमललं की उशीर होतो, हे मीच त्याला शिकवलं होतं ना?

“राजदीप — रविवारी मले पाहायले येऊन राह्यले.”

सायकल थांबली.

“बाबा कधी घरी असतात?” त्यानं विचारलं.

“उद्या सकाळी. पण म्हणाल काय?”

“खरं तेच.”

शनिवारी ओसरीवर तो उभा राहिला. “काका, तुमच्या पात्या मी नेल्या. ती कीड म्हणजे... मीच. अन् मले नलू आवडते.”

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मला. मी पदराचं टोक पिळत होते.

“चहा ठेव वं नलू,” ते म्हणाले. “ही कीड काही फवाऱ्यानं जात नाही.”