थोरलीची किंकाळी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. हे माझ्या धाकट्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तेही भरदुपारी, डबिंग स्टुडिओत.

माझ्या दोन्ही मावश्या डबिंग करायच्या. एका जुन्या इटालियन खूनपटात थोरलीने नायिकेला आवाज दिला होता. काळ्या हातमोज्यांचा खुनी, लालभडक खोल्या आणि जिन्यावरची ती किंकाळी... लोक अजून तिचं नाव काढायचे. त्याच सिनेमात धाकटी गर्दीतल्या बायकांचे आवाज काढत होती. जन्मभर "थोरलीची बहीण" ऐकून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

थोरली वारली. पुढे तोच सिनेमा नव्याने डब करायचं ठरलं आणि नायिका मिळाली धाकटीला.

डबिंग करताना वेळ जुळावी म्हणून जुना आवाज कानात ऐकत बोलतात. मावशीने मात्र रेकॉर्डिस्टला बजावलं, "तिचा आवाज मला कानात नको. पुसूनच टाक."

त्याने पुसला. सगळा.

काम झकास चाललं होतं. मग जिन्याचा प्रसंग आला. पडद्यावर हातमोजा पुढे सरकला. हेडफोनमध्ये चिडीचूप. मावशी श्वास घेणार...

तेवढ्यात कुणीतरी श्वास घेतला. अगदी तिच्या कानापाशी.

मावशी थिजली. पडद्यावर नायिकेचं तोंड उघडलं, मिटलं. हिच्या घशातून आवाजच फुटला नाही.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, काटा आला अंगावर. हाच टेक ठेवू."

त्याने तो वाजवला...

थोरलीची किंकाळी. पण जुनी नव्हे. ही जास्त धारदार होती.

भीती नंतर वाटली, आधी मावशीचं डोकं फिरलं. मेल्यावरही हिला माझी जागा हवीच का? तिने पुन्हा टेक घेतला. घसा फाटेस्तोवर ओरडली.

टेक वाजवला... काहीच नाही.

पुन्हा ओरडली. पुन्हा काहीच नाही.

शेवटी पहिलाच टेक ठेवला. सिनेमा लागला आणि जो तो म्हणू लागला, "थोरलीपेक्षा सरस!" जे ऐकायला ती जन्मभर तरसली, ते ऐकून मावशी ढसाढसा रडली.

खरं तिने फक्त मला सांगितलं. "बाहेर बोललीस, तर कौतुक पुन्हा तिचंच होईल," म्हणाली.

हे बोलताना ती सारखी मागे वळून बघत होती. मीही बघितलं. तिथे कुणी नव्हतं.