तहानलेली खडी

"अगं, ही खडी गटागटा पाणी प्यायलीय बघ!" शिवराज ओरडला.

अंबिका आणि हर्षिता बादलीवर वाकल्या. मंठाळच्या जुन्या शाळेचा स्लॅब फोडून केलेली खडी तळाशी बसली होती आणि तिच्यातून भराभर बुडबुडे येत होते! शेजारच्या बादलीतली नवी खडी मात्र गप्प.

अंबिका सुट्टीला आली होती ती इंजिनिअर असलेल्या विजयश्रीमावशीकडे; शिवराज आणि हर्षिता ही तिची गावातली दोस्तमंडळी. जुन्याच शाळेच्या खडीतून नव्या शाळेचे पक्के खांब उभे करीन, असं मावशीनं गावाला सांगितलं होतं. पण काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे तपासणीत दोनदा नापास झाले! आता पुन्हा झाले, की सगळी खडी खड्ड्यात आणि मावशीच्या हातचं कामही जाणार. बिचारी दोन दिवस धड जेवली नव्हती.

"मावशी तर म्हणते, ही खडी आधी भिजवायचीच!" अंबिका म्हणाली.

"कुठलं काय! ढीग कोरडा ठणठणीत हाय," हर्षिता म्हणाली. "अन् माल घट्ट झाला, की अण्णा मिक्सरमध्ये वरून बादल्या ओतायलेत!"

"म्हणजे पाणी जास्त होतंय, म्हणून काँक्रीट कच्चं राहतंय!" अंबिका ओरडली.

तिघं मुकादम प्रभुलिंगअण्णांकडे धावली. अण्णा डाफरले, "कामून नाक खुपसायलाव रे? टँकर चार दिवसाला येतोय. दगडाला पाणी पाजू, का गावाला?"

अंबिकाला राग आला आणि अण्णांची कीवही आली. गावासाठीच जपत होते बिचारे! पण मावशीचं काय?

"हापशाखालचं पाणी वायाच जायलंय की!" शिवराजनं चुटकी वाजवली.

दुपारी अण्णा लिंबाखाली घोरू लागले. तिघांनी कळशा भरभरून ढिगावर रिकाम्या केल्या, वर ओली पोती टाकली. खांदे नुसते भरून आले!

सकाळी मिक्सर फिरला. अण्णा बादली घेऊन वाट बघत राहिले, पण माल घट्ट होईच ना!

"आज पाणी मागंना कसं?" अण्णा चक्रावले. पोतं तोंडाशी धरून हर्षिता खुसखुसली. त्याच मालाचे ठोकळे मावशीनं भरून घेतले.

सात दिवसांनी मावशी बीदरच्या प्रयोगशाळेतून धावतच आली. "पास! हवी त्यापेक्षा जास्तच ताकद! पण असं झालं तरी काय?"

अंबिकानं सगळं सांगून टाकलं. अण्णांची मान खाली गेली. "चूक मीच केलो, बाई."

"टँकरचं मला सांगायचं नाही का, अण्णा? आणि मीही कधी विचारलं नाही," मावशी हळूच म्हणाली. तिनं अंबिकाला घट्ट जवळ घेतलं.

शाळा समितीचे हणमंतराव गुरुजी म्हणाले, "शाब्बास, पोरांनो! गावाची जुनी शाळा गावातच ठेवलात!"

अण्णा पुढे आले. पांढऱ्या मिशांचा तो माणूस बारा वर्षांच्या पोरीपुढं हात बांधून उभा राहिला.

"अंबिकाक्का, उद्याचा ढीग कवा भिजवू, सांग."