रिकाम्या खाटेचा ताप

अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यानं ऊन लागलेल्या रोग्यांसाठी वेगळी खोली काढली होती. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी अरुंधती दुपारी तिथं आपलं यंत्र घेऊन येई. अंगातून निघणाऱ्या अवरक्त किरणांवरून, हातही न लावता ताप सांगणारी ती नळी तिनं स्वतः जुळवली होती. बेशुद्ध माणसाच्या तोंडात थर्मामीटर ठेवता येत नाही, म्हणून डॉक्टरांनाही यंत्राची उत्सुकता होती.

त्या दुपारी वीज गेली; यंत्र तेवढं बॅटरीवर चालत होतं. वाळ्याचा कूलर थांबला आणि खोली तापत गेली. भिंत, स्टूल, कपाट, नळी धरावी तिथं यंत्राचा काटा एकशे आठ अंशांवर. खिडकीजवळची रिकामी खाट मात्र एकशे तीन.

यंत्र बिघडलं असेल. थर्मामीटर बुडवलेल्या कोमट पाण्यावर तिनं ते ताडून पाहिलं. बरोबर होतं. मग ती नळी खाटेवरून इंचाइंचानं सरकवू लागली. उशीवर एकशे तीन, मध्यावर एकशे तीन, पायथ्याच्या जरा अलीकडे काटा एकदम भिंतीइतका. दोन्ही कडांनाही तेच. लांबी माणसाएवढी.

"काय पाहून राहिल्या, मॅडम?" जिजाबाई नर्सनं विचारलं.

"या खाटेवर कोण असतं?"

"कोणीच नाई. ज्याले दिली, तो बदलूनच मागते."

"काहून?" अरुंधतीच्या तोंडून 'का'ऐवजी नकळत जिजाबाईंच्या बोलीतलाच शब्द गेला.

"दाटीवाटी होते म्हणते."

दोघींनी गादी बदलली. काटा आता एकशे पाचवर होता. थोड्या वेळानं एकशे सहा.

अरुंधतीनं नळी पुन्हा भिंतीवर धरली, तिथं एकशे आठच. एकशे आठ झाले की तिथं जे काही आहे ते आणि भिंत एकच. मग नळीला ते दिसणार नव्हतं.

"जिजाबाई, इतका ताप चढला तर तुम्ही काय करता?"

जिजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. मग बर्फाच्या पाण्यात चादर पिळून आणली आणि रिकाम्या गादीवर पसरली. उशीच्या जागी ओली घडी ठेवली. चादर गरम झाली की पुन्हा भिजवून आणत होत्या.

शेवटी चादर काढली. काटा अठ्ठ्याण्णववर. ओलीचा थंडावा असेल, असं म्हणून अरुंधती गादी पार कोरडी होईपर्यंत थांबली.

उशी, एकशे आठ. मध्य, एकशे आठ.

"गेला का?" जिजाबाईंनी हळूच विचारलं.

अरुंधतीनं नळी खोलीभर फिरवली. दार. खिडकी. भिंत.

मग खाली, फरशीवर. जिजाबाईंच्या पावलांपुढच्या रिकाम्या फरशीवर काटा अठ्ठ्याण्णव.

हे तिनं जिजाबाईंना सांगितलं नव्हतं.

"राहू दे, बाबा," म्हणत जिजाबाईंनी पाय मागे घेतले.