‘स्टेबल’ म्हणजे बरं नव्हे

आमची ओळख लिफ्टच्या दारात झाली. दार बंद होताना त्यानं हात मध्ये घातला, आणि मी घाबरून बटण दाबून धरलं. हात शाबूत आहे ना, म्हणून विचारलं तर म्हणाला, “बसची इंजिनं उघडतो हो मी. दाराचं काय घेऊन बसलात?”

तो माझ्याच मजल्यावर निघाला होता. त्याचे वडील अतिदक्षता विभागात होते, आणि मी तिथली दुभाषी. मोठे डॉक्टर इंग्रजीत भराभर बोलणार, मी ते नातेवाइकांना सांगणार. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही.

निम्मी नोकरी दोनच शब्दांची. स्टेबल म्हणजे आहे तसंच, ना वर ना खाली. बेटर म्हणजे उतार पडलाय. मरणाच्या दारातला माणूसही स्टेबल असू शकतो.

भेटीची वेळ अकराची. तो दहा मिनिटं आधी यायचा... मीही. डेपोतले किस्से सांगून मला हसवायचा, स्वतः मात्र हसायचा नाही.

नवव्या दिवशी डॉक्टर पुन्हा ‘स्टेबल’ म्हणाले. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या तोंडून निघून गेलं, “उतार पडलाय.”

तो हसला. चूक दुरुस्त करायला एक क्षण पुरला असता, पण मी गप्प बसले. इतके दिवस इथंच बसून होतो, आता कामावर जाऊन येतो, संध्याकाळी तुम्हाला चहा पाजतो, म्हणाला.

दुपारी तीनला वडील गेले. तेव्हा तो डेपोत बसखाली होता.

आठवड्यानं वडिलांचे कागद न्यायला आला, तेव्हा त्याला बाकावर बसवून मी सगळं सांगितलं. दोन शब्दांतला फरकही.

“मग असं का म्हणालात?”

“तुम्ही हसावं म्हणून... तुम्ही मला आवडता.”

त्यानं हातातल्या कागदांची घडी घातली. “जाण्याआधी बाबांनी दोनदा विचारलं म्हणे — आला का?”

मला रडू आवरेना.

“तुम्हीही आवडता मला,” तो म्हणाला. “पण उद्या आपल्या घरात कोणी आजारी पडलं, आणि तुम्ही म्हणालात, आता बरं आहे... तर खरं काय, ते मी कुणाला विचारू?”

तो उठला, आणि मी त्याला थांबवलं नाही.