नात्यातला जामीन चालत नाही

क्ष-किरण विभाग रुग्णालयाच्या तळघरात होता. बाहेर पाऊस असो वा नसो, तिथल्या भिंतींना बारमाही ओल. त्या दिवशी बाहेरही पाऊस होता, धड न पडणारा, नुसता रेंगाळणारा, माणसाचा मूड घालवणारा. संगणक विभागातला नेहमीचा माणूस तापानं घरी झोपला होता, म्हणून तळघरातली तक्रार तिच्या गळ्यात पडली. जिना उतरून ती खाली आली, तेव्हा पहिल्या खोलीत एक किडकिडीत तरुण काचेआडून एका आजोबांना सांगत होता, "श्वास घ्या… रोखून धरा…" आणि मग, आजोबांचा चेहरा लाल व्हायच्या आत, "सोडा."

दाराशी उभं राहून आपणही श्वास रोखला होता, हे तिला 'सोडा' ऐकल्यावर कळलं. तिला स्वतःचाच राग आला.

बिघडलेला संगणक दुसऱ्या खोलीत होता. तिनं खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "बंद करून चालू करून पाहिलंत का?"

"दोनदा," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा तुम्ही करा. तुमच्या हाताला गुण असेल."

तिनं केलं आणि संगणक सुरू झाला. तो तिच्याकडे बघत राहिला, ती पडद्याकडे.

"काय झालं होतं हो त्याला?"

"माहीत नाही," ती म्हणाली. खरं तेच बोलली होती, पण तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ते दोन शब्द तिच्या पायांत घोटाळत राहिले.

त्यानंतर तळघरातले संगणक जरा जास्तच आजारी पडू लागले. तिचे साहेब, ज्यांना खुर्चीतून उठायचं सोडून सगळं जमायचं, ते चष्म्यावरून बघत म्हणायचे की एक्स-रेवाल्यांचा पुन्हा फोन आहे आणि त्यांना 'त्या मॅडमच' हव्या आहेत. ती कपाळाला आठी घालून उठायची, आणि जिन्याच्या वळणावर केस सारखे करायची. एकदा टेबलाखाली वाकून पाहिलं, तर वायरच निघालेली.

"ही आपोआप निघते?"

"ओल आहे ना फार," तो गंभीरपणे म्हणाला.

"ओलीनं वायर निघते?"

"मला काय कळतं त्यातलं? मी हाडांचा माणूस."

ती हसली. त्या तळघरात हसण्यासारखं फार काही घडत नसे, त्यामुळे ते हसू दोघांनाही आठवणीत राहिलं. 'अहो'चं 'अगं-अरे' कधी झालं ते मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. यंत्रातला पाणचट चहा, दोन कागदी पेले, जिन्याखालचा बाक. तो फार बोलायचा नाही, पण ती बोलत असली की पेला ओठांपर्यंत नेऊन तसाच धरायचा आणि चहा गार व्हायचा.

मग ती घटना घडली. सकाळच्या गर्दीत एका म्हाताऱ्या बाईंच्या मनगटाचा फोटो पडद्यावर एका शाळकरी मुलीच्या नावाखाली आला. त्यानं तो बघताक्षणी ओळखला, कारण इतकी झिजलेली हाडं लहान मुलीची असूच शकत नव्हती, आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी अडवला. तो तसाच पुढं गेला असता, तर धड हाताला प्लास्टर बसलं असतं आणि मोडका हात तसाच घरी गेला असता. तिनं साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, बंद करून चालू कर. तिनं केलं, आणि नावं जागच्या जागी आली. का चुकली होती, का सुधारली, उद्या पुन्हा चुकतील का… यातलं काहीही तिला सांगता येईना.

"मला हे आयुष्यभर करायचं नाही," त्या संध्याकाळी बाकावर ती म्हणाली. "बटण दाबायचं आणि देवावर हवाला ठेवायचा."

"मग शीक की," तो म्हणाला.

इतकं सोपं होतं ते त्याच्या तोंडी. माहिती तंत्रज्ञानातली पदव्युत्तर पदवी, पूर्ण दोन वर्षं, तीही दूरच्या शहरात, कारण रुग्णालयांच्या यंत्रणांचा अभ्यास फक्त तिथल्या संस्थेत होता. तिनं प्रवेश परीक्षेचा अभ्यास त्याच बाकावर केला. तो पुस्तक उलटं धरून प्रश्न विचारायचा, इंग्रजी शब्दांचे उच्चार मोडून-तोडून करायचा आणि उत्तर बरोबर आलं की स्वतःच पास झाल्यासारखा खूश व्हायचा. प्रवेश मिळाल्याचं तिनं घरी सांगायच्या आधी तळघरात सांगितलं. त्याचा चेहरा उजळला आणि दुसऱ्याच क्षणी कुठंतरी मावळला. पण ती आनंदात होती, तिला त्यातला पहिला भागच दिसला.

पैशाचं घोडं मात्र अडलं. बँकेला तारण हवं होतं आणि त्यांचं घर भाड्याचं. बाबा छापखान्यातून निवृत्त झालेले, मुद्रितं तपासून डोळ्यांची वाट लागलेली. शेवटी बाबांनीच एका जुन्या शिक्षणनिधीचा पत्ता शोधून काढला. तिथं तारण लागत नसे, दोन जामीनदार लागत, एक आईवडिलांपैकी आणि दुसरा कायम नोकरीतला, बाहेरचा. मामा मोठ्या तोऱ्यात 'मी आहे ना' म्हणत गेला आणि तोंड पाडून परत आला. नात्यातला जामीन तिथं चालत नव्हता.

बाहेरचा म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं एकच माणूस आला. आईच्याही. आई त्याला एकदाच भेटली होती, बाबांच्या गुडघ्याचा फोटो काढायला गेली तेव्हा. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली होती की हा मुलगा तुला लग्नाचं विचारणार आहे, बघ. मुलीनं 'काहीतरीच तुझं' म्हणून विषय उडवला होता आणि मग बराच वेळ आरशासमोर उगाच घुटमळली होती.

तिनं त्याला बाकावरच विचारलं. वाक्य पुरं व्हायच्या आत तो हो म्हणेल, अशी तिची खात्री होती. तो पेल्यात बघत राहिला.

"मला… थोडा वेळ दे," तो म्हणाला.

ती पेला तिथंच ठेवून उठली. आईनं समजूत घातली की जामीन राहणं म्हणजे काही चहा पाजणं नव्हे, शहाणा माणूस विचार करणारच. पण तिला विचार करणारा शहाणा माणूस नकोच होता. तिला तो हवा होता. तिनं तळघरात जाणं सोडलं आणि वायर निघाली तरी दुसऱ्यालाच पाठवू लागली. गंमत म्हणजे वायर निघायचीही थांबली, आणि त्याचं तिला जास्त लागलं. निधीची मुदत संपत आली होती. संस्थेला नकार कळवायचा मजकूर तिनं मनात जुळवायला घेतला होता, तेवढ्यात तो पहिल्यांदाच तिसरा मजला चढून वर आला. अंगात पांढरा कोट, लागलेली धाप, आणि डोळ्यांखाली काळं.

"उद्या किती वाजता जायचंय तिकडं?"

एवढंच विचारून तो गेला. तिला रडूही आलं आणि त्याचा रागही आला.

निधीचं कार्यालय एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळत होतं आणि भरदुपारी दिवा लावावा लागला होता. बाबांचा भाग आदल्या दिवशीच उरकला होता, आज ती दोघंच होती. व्यवस्थापक वयस्कर होते, कानानं अधू. त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही मागं येऊन गेलात, नाही का?"

तो खिडकीकडे बघू लागला.

"हां, आठवलं," व्यवस्थापक म्हणाले. "जामीनदारानं पुढं अर्जदाराशीच लग्न केलं तर काय होतं, असं विचारत होतात. ते मी सांगितलंच. जामीन बाद, आणि उरलेलं कर्ज एकरकमी परत. काय करणार, हात पोळलेत आमचे. ठरलेली लग्नं मोडली, झालेलीही मोडली, आणि जामीनदार म्हणू लागले, आता ती माझी कोण?"

तिच्या कानांत पावसाचा आवाज एकदम वाढला. त्यानं मागितलेला वेळ, त्याच्या डोळ्यांखालचं काळं, प्रवेशाच्या दिवशी मावळलेला चेहरा, सगळं तिला एका दमात समजलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पाहिलं नाही.

"मला विचारावं लागतं," व्यवस्थापक म्हणाले. त्यांचा आवाज बराच मऊ झाला होता. "दोघांनाही, समोरासमोर. सावकाश सांगा, मला घाई नाही. ह्या तुमच्या कोण?"

"कुणी नाही."

"लग्नाचं काही बोलणं? काही ठरलेलं?"

"नाही. आमच्यात तसं काही बोलणंच झालेलं नाही." हे तो रुग्णांशी बोलायच्या त्याच सरळ, धीराच्या आवाजात बोलला.

मग व्यवस्थापक तिच्याकडे वळले. "आणि हे तुमचे कोण?"

एक शब्द वेगळा बोलली असती, तर सगळं तिचं होतं. तो बाक, तो पाणचट चहा, ती निघणारी वायर. आणि त्याबरोबर ते बटणही, आणि 'माहीत नाही'सुद्धा, जन्मभर. तिला त्या म्हाताऱ्या बाईंचं मनगट आठवलं. तिला निधीचा राग आला, नियमाचा आला, सगळ्यांत जास्त शेजारी शांत बसलेल्या त्या माणसाचा आला.

"कुणी…"

व्यवस्थापकांनी कानामागं हात धरला. "जरा मोठ्यानं."

"कुणी नाही," ती मोठ्यानं म्हणाली.

जिन्यात आल्यावर तिनं त्याची बाही धरली. "मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"हो म्हणाले असते."

तो तिथंच पायरीवर बसला. "मग आत तुला खोटं बोलावं लागलं असतं," तो म्हणाला. "तुला ते जमत नाही. कान लाल होतात तुझे."

"थट्टा नकोय मला. तो निर्णय माझाही होता. तू एकट्यानं घेतलास."

"हो. चुकलंच माझं." त्यानं मान खाली घातली. "पण मी विचारलं असतं तर तू राहिली असतीस. आणि पुढं कधीतरी, संगणक बंद करून चालू करताना, माझ्याकडे असं बघितलं असतंस की… ते मला झेपलं नसतं. आणि आत तर तू बोलू शकत होतीस. मी वाट बघत होतो."

कुणी नाही, हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगितलं असतं. त्याचंच तिला रडू येत होतं. त्यानं रुमाल पुढं केला. त्याला रुग्णालयाचा वास होता.

"आता विचार," ती रुमालाआडून म्हणाली.

"आता तर मुळीच नाही. कर्ज फिटेपर्यंत मी तुझा कुणी लागत नाही."

"आणि तोवर तुझी कुणी दुसरी झाली तर?"

"तरी जामीन माझाच राहील," तो म्हणाला. "तू हप्ता चुकवलास तर भरीन."

तिला हसू आलं. कर्ज फिटायला वर्षं लागतील आणि तेवढ्यात माणसं बदलतात, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलली नाहीत. खाली रस्त्यावर पाऊस तसाच रेंगाळत होता. एका छत्रीतून जायला हरकत नव्हती, नियमात तसं काही नव्हतं, पण ती दोघं दोन छत्र्यांतून गेली.

ती गेली त्या दिवशी तो बसस्थानकावर आला, कोट न घालता, त्यामुळे जरा अनोळखी वाटत होता. आईनं त्याला पाहिलं आणि पाण्याच्या बाटलीचं निमित्त करून बाबांना दूर घेऊन गेली. सामान चढलं होतं आणि ती खिडकीत बसली होती. बोलायचं होतं त्यातलं काहीही बोलता येण्यासारखं नव्हतं. चालकानं बस सुरू केली, खिडकीची काच थरथरली.

"काहीतरी बोल ना," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. डोळे भरले होते, आवाज मात्र तळघरातला होता, सरळ आणि धीराचा.

"श्वास घ्या."

ती रडता रडता हसली. तिनं श्वास घेतला.

"रोखून धरा…"

बस हलली. तो खिडकीबरोबर चार पावलं चालला, मग फलाट संपला तिथं थांबला. तिनं गजांना गाल टेकवून मागं पाहिलं. तिसरा शब्द तिला ऐकायचा होता. तो हात वर करून उभा होता, ओठ घट्ट मिटून.

बस फाटकाबाहेर वळली आणि तो दिसेनासा झाला. शेजारच्या बाईंनी तिला विचारलं, पोचवायला आलेले ते कोण म्हणून. तिनं नुसती मान हलवली. तिचा श्वास अजून छातीत होता.