रिकाम्या खुर्चीला मागणी

आईशप्पथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता आईने तिच्या नावाने शपथा घ्यायला मला सातवीतच बंदी घातलीय, त्यामुळे शपथ तेवढी मागे घेतो. खरं मात्र आहे. बरंचसं.

बस. चहा घे. तू कालच लागलायस म्हणून तुला सांगतोय, बाकीच्यांना सांगून झालंय. मी मागे चार हस्तलिखितांतल्या चारही नायकांना आपल्या संपादक बाईंच्या नवऱ्याचं नाव दिलं होतं, तेव्हापासून या ऑफिसात माझं कुणी मनावर घेत नाही.

आपण इथे प्रेमाच्या कादंबऱ्या पाडतो. महिन्याला चार. एकशे साठ पानं, शेवटच्या पानावर लग्न. मलाही आधी सोपं वाटलं होतं. पण हातातल्या पुस्तकात एका पानाने माझा जीव खाल्ला. पान एकशे बारा. तिथे नायक तिला विचारतो. बाईंनी ते पान सहा वेळा परत पाठवलं. समासात लाल पेनने एकच शेरा, सहाही वेळा : "हा मागणी घालतोय की बसचा पास मागतोय?"

वैताग कशाचा होता सांगू? ते पान नायकाचं नव्हतंच. ते मला प्रूफवालीला विचारायचं होतं.

प्रूफवाली म्हणजे त्या खिडकीपाशी बसायची ती. आपल्या चुका काढायला पगार घ्यायची, आणि पगारापेक्षा जास्त काढायची. दोन वर्षं मी तिच्या टेबलापाशी मनातलं विचारायला जायचो आणि विचारून यायचो, "स्टेपलर आहे का?" माझ्या खणात आज सात स्टेपलर आहेत.

त्या दिवशीही गेलो. ती मान वर न करता म्हणाली, "तुझ्या नायकाला पान सदतीसवर दोन्ही हात डावे आहेत."

"प्रेमात होतं असं."

"डॉक्टरांना विचारून सांग." मग पेन्सिल खाली ठेवली. "आज माझा शेवटचा दिवस आहे. उद्यापासून पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात. पाचला निघेन. तुला काही हवं होतं का?"

"स्टेपलर," मी म्हणालो.

माझी मलाच एक ठेवून द्यावीशी वाटली. ठरवलं, पान नीट लिहायचं आणि प्रूफ म्हणून तिच्याच हातात द्यायचं. वाचेल, कळेल.

सातव्यांदा लिहिलं आणि काकांना दाखवलं. काका म्हणजे आपले सगळ्यात जुने लेखक, एकशे चाळीस लग्नं लावून बसलेत. ते म्हणाले, "कागदावर सगळंच गोड लागतं. गोदामात जा, वेताच्या खुर्चीसमोर उभा राहा आणि मोठ्याने विचार. तुझी तुला लाज वाटली नाही, तर पान पक्कं. आम्ही सगळ्यांनी असंच केलंय." मग चष्मा पुसत राहिले. "फक्त... उत्तरही आपणच वाचायचं. लगेच. प्रश्न तसाच सोडून यायचं नाही."

"का?"

"नाही सोडायचा, बस."

आता गंमत बघ. बाईंचा नियम काय? प्रकरण प्रश्नावर संपलं पाहिजे, म्हणजे वाचणारी पान उलटते. उत्तर पुढच्या प्रकरणात. आणि पुढचं प्रकरण मी लिहिलंच नव्हतं.

दुपारचे तीन. गोदामात न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे छतापर्यंत, एकुलती खिडकी त्यांच्यामागे. खळीचा आणि ओलसर कागदाचा वास. रस्त्यावरचा आवाज दाराशीच थांबल्यासारखा. बल्ब तेवढा घूं घूं करत होता. मधोमध ती खुर्ची, रिकामी. मी बघितली होती. रिकामीच.

मी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा आवाज योग्य जागी थरथरला. "मला बोलता येत नाही, म्हणून इतके दिवस भलतंच मागत राहिलो. आता एकदाच खरं मागतो. माझ्याबरोबर राहशील? कायमची?"

पान संपलं. मी तसाच उभा.

वेत करकरला. कुणी बसल्यावर करकरतो तसा नाही... आधीपासून बसलेलं माणूस पुढे वाकलं की करकरतो, तसा. आणि खळीच्या वासात दुसरा वास आला, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्याचा.

"हो..."

फार दिवस न बोललेल्या माणसाचा आवाज.

"...किती वेळ लावलास..."

मला वाटलं, कुणीतरी माझ्या जुन्या चेष्टांची परतफेड करतंय. खुर्चीखाली बघितलं, गठ्ठ्यांमागे बघितलं. कुणी नाही. पण खुर्चीचा वेत खाली दबला होता. मी बघत होतो तोवर दबलेलाच होता.

मी उलट्या पावलांनी बाहेर आलो. बोळात प्रूफवाली उभी होती, कानावर पेन्सिल.

"पान छान झालंय," ती म्हणाली. "दार उघडं होतं. मी स्टेपलर मागायला आले होते. सातातला एक तरी."

"ते तुझ्यासाठी होतं," मी म्हणालो. बघ, निघालं शेवटी तोंडातून.

तिने माझ्याकडे छपाईच्या चुकीकडे बघावं तसं बघितलं. "तिच्यासमोर म्हण ना हे. आत बसलीय."

"आत कुणी नाहीये."

"आज तरी चेष्टा नको रे." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पाठमोरी होती. तू विचारलंस, तिने मान हलवली, हो म्हणाली. मग वळून माझ्याकडे बघायला लागली... म्हणून मी बाजूला झाले. दुसऱ्याच्या आनंदात आपण कशाला."

पाचला ती गेली. मी जिन्यापर्यंत मागे धावलो, सगळं खरं सांगितलं. माझ्या तोंडून खरं कसं वाटतं, ते तुला कळलंच असेल.

काकांना ओढत गोदामाच्या दारापर्यंत आणलं. ते उंबरठ्याच्या आत आले नाहीत. "उत्तर वाचलंस?"

"लिहिलं नव्हतं."

काका दाराबाहेरच्या गठ्ठ्यावर टेकले. "मग आता ती वाट बघणार."

"कसली?"

"आपल्या पुस्तकात एकशे साठाव्या पानावर काय असतं?"

बाईंनी एकशे बारावर शेरा मारला, "एकदाचं." पुस्तक मात्र एकशे एकोणसाठवर अडलंय, पाच महिने झाले. नायकाला कावीळ केली, पूल पाडला, त्याच्या भावाला वेड लावलं. बाई बोंबलतायत. शेवटचं पान मी लिहिणार नाही. पण रोज सकाळी येतो तेव्हा टेबलावर कोरा कागद पुढे सरकवलेला असतो, पेनाचं टोपण काढून.

काका म्हणतात, सुटायची एकच वाट आहे. तिला दुसऱ्या कुणीतरी विचारायचं, माझ्याहून बरं.

तर गोष्ट ऐकलीस, चहा प्यायलास, आता मोल चुकतं कर. हा घे कागद. पाचच ओळी आहेत, मोठ्याने वाच.

आणि आधी शेजारच्या खुर्चीवरची तुझी पिशवी उचल. सावकाश. मघापासून तिने ती मांडीवर सांभाळून धरलीय.